उत्कंठेचा लिलाव

मिरकरवाड्याच्या जेटीवर पहाटे ज्याने एकदा लिलाव पाहिला, त्याला बाजार म्हणजे काय हे अर्थशास्त्राच्या पुस्तकातून शिकण्याची गरज उरत नाही. होडी धक्क्याला लागते, मासळी उतरते, बांगड्याचा ढीग सर्वांच्या डोळ्यांदेखत पडतो आणि बोली सुरू होते. भाव मोठ्याने पुकारला जातो. मासळी कमी आणि गिऱ्हाईक जास्त असले की भाव चढतो. दुसऱ्या दिवशी बांगडा उदंड आला की तोच भाव कोसळतो. घेणाऱ्याला माल दिसतो, विकणाऱ्याला घेणारा दिसतो आणि दलाल आपली टक्केवारी चारचौघांत घेतो. चढलेल्या भावातला काही वाटा, थोडाथोडका का होईना, रात्रभर समुद्रावर जागलेल्या तांडेल-खलाशांच्या पदरी पडतो. या बाजारातही अन्याय घडत नाहीत असे नाही. पण जे घडते ते उघड्यावर घडते. आज आम्हांस ज्या दुसऱ्या एका बाजाराविषयी लिहावयाचे आहे, त्याचे मोजमाप करता यावे म्हणून वाचकांना आम्ही प्रथम या जेटीवर आणले.

तो दुसरा बाजार म्हणजे रॉक संगीताच्या जाहीर कार्यक्रमांच्या तिकिटांचा.

धर्मगुरूने असल्या विषयावर लेखणी का झिजवावी, असा प्रश्न आमच्या काही ज्येष्ठ वाचकांना पडेल. रॉक म्हणजे गोंगाट, तो महाग झाला तर बरेच झाले, पोरे घरी बसतील, असेही कोणी म्हणेल. त्यांची समजूत घालण्याच्या भरीस आम्ही पडत नाही. संगीताची आवड ज्याची त्याची. परंतु ज्यांच्या कष्टाचा पैसा या बाजारात जातो ती मुले आपल्याच घरांतली आहेत; आणि मुलांना कोणी लुबाडत असेल तर लुबाडले गेले ते संगीत आपल्याला आवडते की नाही हा प्रश्न गौण ठरतो.

२२ सप्टेंबर २०२४ चा रविवार आम्हांला चांगला आठवतो. सकाळची मिस्सा आटोपली होती. आमच्या गायनवृंदात गिटार वाजविणारा एक मुलगा आणि त्याचा मिरकरवाड्यातील एक मित्र, असे दोघे ओसरीवर मोबाइल घेऊन बसले होते. पहिल्याचे वडील बर्फाच्या कारखान्यात कामाला, दुसऱ्याचे ट्रॉलरवर. एक मिस्साला येणारा, दुसरा नमाजाला जाणारा. दोघांना एकत्र आणले ते गिटार आणि ड्रम यांनी. जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईत नेरुळच्या डी. वाय. पाटील क्रीडागारात कोल्डप्ले या ब्रिटिश वाद्यवृंदाचे कार्यक्रम व्हायचे होते आणि त्यांच्या तिकिटांची विक्री त्या दुपारी १२ वाजता सुरू होणार होती. तिकिटे २,५०० रुपयांपासून ३५,००० रुपयांपर्यंत. मुलांनी पावसाळ्यापासून पैसे जमविले होते. दोन स्वस्त तिकिटे, रेल्वेचे भाडे, मुक्काम ओळखीच्यांकडे, असा त्यांचा काटेकोर हिशेब होता.

बाराला पाच मिनिटे कमी असताना ते रांगेत होते. बारा वाजून काही मिनिटांनी गिटारवाला आम्हांस म्हणाला, "फादर, आमच्या पुढे पाच लाख माणसे आहेत." आम्हांला वाटले, तो थट्टा करतो आहे. तो थट्टा करीत नव्हता. १ कोटी ३० लाखांहून अधिक लोक त्या दिवशी तिकिटांसाठी आले होते, असे विक्री करणाऱ्या कंपनीनेच नंतर सांगितले. त्या क्रीडागारात एका रात्री पन्नास हजारांच्या आसपास माणसे मावतात. १८ आणि १९ जानेवारीला जोडून २१ जानेवारीचा तिसरा कार्यक्रम जाहीर झाला, तोही पाहता पाहता संपला. मुले उठली, कपडे झटकले आणि जेवायला गेली.

इथवर आमची काही तक्रार नाही. जागा थोड्या आणि इच्छुक अनेक, तेव्हा कोणाला तरी रिकाम्या हाताने परतावे लागणारच. मासळी संपली की उशिरा आलेली पाटीवाली रिकामी परतते. ती कोणाला दोष देत नाही. तक्रार पुढच्या गोष्टीबद्दल आहे. त्याच संध्याकाळी दुसऱ्या ठिकाणी, परदेशी फेरविक्रीच्या दुकानांत, तीच तिकिटे पुन्हा विक्रीला मांडलेली मुलांनी आम्हांला दाखविली. काही हजारांचे तिकीट लाखाच्या घरात, काही तर कित्येक लाखांना! सकाळी जे रांगेत उभे होते त्यांतले सर्वच गाणे ऐकण्यासाठी उभे नव्हते, हे मुलांना तेव्हा कळले. काही जण मुलांची निराशा विकत घेऊन ती मुलांनाच परत विकण्यासाठी उभे होते.

या रकमांचा अर्थ आपल्या जिल्ह्याच्या मापाने लावून पाहू. २०२४-२५ या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा केंद्राने ठरविलेला दर रोजी २९७ रुपये होता. म्हणजे सर्वांत स्वस्त तिकीट साडेआठ दिवसांच्या मजुरीचे आणि सर्वांत महाग तिकीट जवळजवळ ११८ दिवसांच्या मजुरीचे. त्या योजनेत एका कुटुंबाला वर्षभरात हमी होती ती १०० दिवसांच्या कामाची. हे झाले छापील किमतीचे. काळ्या बाजारातील किमतीला आम्ही हे माप लावीत नाही. ते वर्षांत मोजावे लागेल.

या व्यवहाराच्या समर्थनार्थ जे युक्तिवाद केले जातात त्यांचा विचार आता क्रमाने करू.

पहिला युक्तिवाद असा की, हा बाजार आहे; घेणारा राजी, देणारा राजी, तेथे तिसऱ्याने नाक का खुपसावे? याला उत्तर द्यावयाचे तर आम्हांला सेमिनरीतील बाकांवर परत जावे लागते. संत थॉमस अक्विनास यांनी तेराव्या शतकात आपल्या 'सुम्मा' या ग्रंथात खरेदी-विक्रीतील फसवणुकीची चर्चा केली आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: वस्तू देताना विकणाऱ्याचे स्वतःचे काही विशेष नुकसान होत असेल तर त्याने त्याची भरपाई किमतीत मागावी, त्यात अन्याय नाही. पण वस्तूची गरज केवळ घेणाऱ्यालाच अधिक असेल, आणि देणाऱ्याला तिच्या देण्याने काही तोटा नसेल, तर त्या गरजेपोटी किंमत वाढविण्याचा अधिकार देणाऱ्याला नाही. कारण ती गरज घेणाऱ्याची आहे. आणि जे आपले नाही ते विकता येत नाही.

साडेसातशे वर्षांपूर्वीचा हा विचार आजच्या तिकिटाला किती चपखल लागू पडतो ते पाहावे. फेरविक्री करणाऱ्याने गाणे रचले नाही, मंच उभारला नाही, दिवे टांगले नाहीत, शेवटच्या रांगेतील आसनही पुसले नाही. छापील किमतीहून वर तो जे घेतो ते कशाचे? त्या मुलाने सहा वर्षे ती गाणी ऐकून, वाजवून, मनात जी उत्कंठा साठविली तिचे. ती उत्कंठा मुलाची. तिच्यावर विक्रेत्याने बोली लावावी हाच मूळ अन्याय आहे. मुलगा राजीखुशीने पैसे मोजतो म्हणून तो धुतला जात नाही. अडलेला माणूसही सावकाराच्या कागदावर राजीखुशीनेच अंगठा उठवितो.

दुसरा युक्तिवाद अधिक गंभीर आहे आणि त्यात तथ्यही आहे. पूर्वी कलावंताची मिळकत तबकड्या, कॅसेटी आणि सीडी यांवर होत असे. कार्यक्रम बहुधा त्यांच्या विक्रीला हातभार लावण्यासाठी व्हायचे. आता गाणी इंटरनेटवर जवळजवळ फुकट ऐकायला मिळतात, आणि वादक-गायकांना कार्यक्रमांवरच जगावे लागते. शिवाय एका मोठ्या कार्यक्रमामागे मालमोटारींचे तांडे, शेकडो कामगार, ध्वनी आणि प्रकाश यांची अवजड सामग्री, विमा, सुरक्षा असा प्रचंड खर्च असतो. हे सारे आम्हांस मान्य आहे. कामकऱ्याला त्याची मजुरी मिळालीच पाहिजे. तिकीट महाग का झाले याचे हे प्रामाणिक उत्तर आहे. पण काळ्या बाजारात ते दसपट का झाले याचे हे उत्तर नव्हे, कारण त्या वाढीव रकमेतील एक पैसाही गायकाला, ढोलकऱ्याला किंवा मंचाचे खिळे ठोकणाऱ्या सुताराला मिळत नाही.

तिसरा युक्तिवाद सर्वांत चतुर आहे. संयोजक म्हणतात, आम्ही किंमत कमी ठेवली तर फरक काळाबाजारवाल्याच्या खिशात जातो. त्यापेक्षा आम्हीच मागणीनुसार किंमत चढवीत नेली तर काय बिघडले? हा प्रयोग ३१ ऑगस्ट २०२४ रोजी इंग्लंडमध्ये झाला. ओअ‍ॅसिस या वाद्यवृंदाची तिकिटे विक्रीस निघाली तेव्हा सुमारे १४८ पौंडांचे उभ्याचे तिकीट, लोक तासन्‌तास रांगेत असताना, ३५५ पौंडांवर गेले. रांगेत उभे राहताना एक भाव, खिडकीशी पोहोचताना दुसरा! तेथे एवढा गहजब झाला की सप्टेंबरमध्ये सरकारी स्पर्धा नियामकाला चौकशी हाती घ्यावी लागली. जेटीवरील लिलावाशी याची तुलना करणारे एक गोष्ट विसरतात. जेटीवर बोली चढते ती सर्वांच्या कानांवर पडते आणि ज्याला परवडत नाही तो त्याच क्षणी मागे सरतो. इथे प्रत्येक जण आपल्या खोलीत एकटा. पुढे किती माणसे, मागे किती तिकिटे, किती तिकिटे पुरस्कर्त्यांसाठी बाजूला काढलेली, कशाचाच पत्ता नाही. चोर नेणारच आहे तर मालकानेच का नेऊ नये, असा हा प्रश्न आहे. ज्याचे जाते त्या ऐकणाऱ्याचे नाव त्या प्रश्नात कोठेच येत नाही.

हे अटळ आहे काय? आम्ही मुंबईत शिकत होतो तेव्हाची गोष्ट. आमच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या शेजारी, धोबीतलावला, रंगभवन नावाचे उघडे नाट्यगृह होते. तेथे १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक' नावाचा महोत्सव भरू लागला. देशभरातील महाविद्यालयीन मुलांचे वाद्यवृंद तेथे वाजवीत आणि विद्यार्थ्याच्या खिशाला झेपेल अशा तिकिटात मुले दोन-दोन दिवस ऐकत. पुढे रुग्णालये आणि न्यायालय यांच्या सान्निध्यामुळे तो परिसर शांतता क्षेत्र ठरला आणि रंगभवनातील ते पर्व संपले. रॉक ही श्रीमंतांची कला नव्हती, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. आणि आपले अभिजात संगीत घ्या. पंडित भीमसेन जोशी यांनी १९५३ मध्ये पुण्यात सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव आजही भरतो. तेथे पुढे सोफे आहेत, त्यांची किंमत मोठी आहे. पण मागे भारतीय बैठकही आहे, आणि सतरंजीवर बसून देशातील श्रेष्ठ गायक-वादक ऐकायला काही शे रुपये पुरतात. सोफ्यावरच्या पैशातून बैठकीचा भार हलका होतो. ज्यांनी हा महोत्सव चालविला त्यांना बाजार कळत नव्हता असे कोणी म्हणणार नाही.

कलावंतांनी मनावर घेतले तर रॉकमध्येही हे होऊ शकते. १९९४ मध्ये पर्ल जॅम या अमेरिकन वाद्यवृंदाने तिकिटे विकणाऱ्या बलाढ्य कंपनीच्या वाढीव शुल्काविरुद्ध अमेरिकेच्या न्याय खात्याकडे तक्रार केली आणि वादकांनी काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष दिली. ते तेव्हा हरले, खात्याने दुसऱ्या वर्षी चौकशी गुंडाळली. पण त्याच कंपनीवर, ती कार्यक्रम भरविणाऱ्या एका मोठ्या कंपनीत २०१० मध्ये विलीन झाल्यानंतर, मे २०२४ मध्ये त्याच न्याय खात्याने मक्तेदारीचा दावा लावला. २०२३ मध्ये द क्युअर या वाद्यवृंदाच्या रॉबर्ट स्मिथ यांनी शुल्काविरुद्ध जाहीर आवाज उठविताच कंपनीला काही रक्कम श्रोत्यांना परत करावी लागली. कोल्डप्लेनेही नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रत्येकी २,००० रुपयांची, जोडीनेच घ्यावयाची, थोडी तिकिटे वेगळी काढली. थोडी, पण काढली.

शासनांनाही हे जमते. आयर्लंडने २०२१ मध्ये कायदा करून मोठ्या कार्यक्रमांच्या तिकिटांची छापील किमतीहून अधिक दराने फेरविक्री गुन्हा ठरविली. ब्रिटनच्या सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये तशीच बंदी आणण्याचा निर्णय जाहीर केला. आपल्याकडे काय झाले? मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने जबाब नोंदविले; ऑक्टोबर २०२४ मध्ये अंमलबजावणी संचालनालयाने पाच राज्यांतील शहरांत छापे घातले; मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली, कारण असे नियम करणे हे कायदेमंडळाचे व शासनाचे काम आहे. न्यायालयाचे म्हणणे आम्हांस योग्य वाटते. म्हणूनच आमचा प्रश्न शासनाला आहे.

महाराष्ट्र शासनाला कार्यक्रमांच्या तिकिटांत हात घालणे नवीन नाही. १ नोव्हेंबर १९९६ रोजी अंधेरीच्या क्रीडा संकुलात मायकेल जॅक्सन यांचा कार्यक्रम झाला, तेव्हा तत्कालीन सरकारने त्याचा करमणूक कर माफ केला होता. प्रकरण न्यायालयात गेले, वर्षानुवर्षे रेंगाळले आणि जानेवारी २०२१ मध्ये दुसऱ्या आघाडीच्या मंत्रिमंडळाने सुमारे ३ कोटी ३४ लाख रुपयांची ती करमाफी पुन्हा मंजूर केली. संयोजकांचा भार हलका करण्याच्या कामी शासनाची लेखणी दोनदा चालली. ऐकणाऱ्याचा भार हलका करण्यासाठी ती एकदाही का चालू नये?

इतके दुसऱ्यांना सुनावल्यावर आम्हांला स्वतःचाही एक हिशेब द्यावयाचा आहे. काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना, नाताळच्या सुमारास आम्ही सभागृहाच्या दुरुस्तीसाठी संगीतरजनी ठेवली होती. गोव्याहून वाद्यवृंद बोलाविला होता. दाराशी अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक गर्दी लोटली. समितीतील एक जण धावत येऊन म्हणाला, "फादर, दर दुप्पट करू या का? लोक देतील." आम्ही मान हलविली. लोकांनी दिलेही. छप्पर दुरुस्त झाले. पण त्या रात्री फाटकाशी एक कुटुंब उभे होते, आईबाप आणि तीन मुले. बापाने खिशातले पैसे मोजले, पुन्हा मोजले, आणि काही न बोलता सर्वांना घेऊन तो माघारी वळला. आम्ही पाहत होतो. आम्ही हाक मारली नाही. छपरासाठी पैसा हवा होता हे खरे. पण त्या बापाने घरून निघताना जी किंमत ऐकली होती ती आमची जबान होती, आणि ती आम्ही गर्दी पाहून मोडली. म्हणून या विषयावर लिहिताना आमचा सूर चढला असेल तर वाचकांनी समजून घ्यावे. त्यातला निम्मा राग आमचा आमच्यावरच आहे.

आता मागण्या. पहिली: तिकिटाची फेरविक्री छापील किमतीहून अधिक दराने करण्यास महाराष्ट्रात कायद्याने बंदी व्हावी, आणि ती परदेशी दुकानांनाही लागू असावी. दुसरी: ज्याला जाणे जमत नाही त्याचे तिकीट मूळ विक्रेत्याने परत घेऊन रांगेतल्या पुढच्याला त्याच किमतीत द्यावे. तिसरी: विक्रीपूर्वी एकूण जागा किती, राखून ठेवलेल्या किती, सामान्यांसाठी किती, आणि सर्व शुल्कांसह अखेरची किंमत किती, हे जाहीर व्हावे, रांगेत उभ्या असलेल्या माणसासाठी ती बदलू नये. चौथी: सार्वजनिक मैदानावर किंवा करसवलत घेऊन होणाऱ्या कार्यक्रमात ठरावीक जागा विद्यार्थ्यांना परवडतील अशा दरात ठेवणे बंधनकारक असावे. यांतील एकही मागणी कलावंताच्या मिळकतीला धक्का लावीत नाही.

पाचवी मागणी आमच्या वाचकांकडे आहे. काळ्या बाजारातील तिकीट विकत घेणारा हात बहुधा आईबापांचा असतो. पोराचे तोंड उतरलेले पाहवत नाही, बहीण आखातातून पैसे पाठविते, आणि आपण म्हणतो, आयुष्यात एकदाच तर आहे. पण प्रत्येक असे तिकीट पुढच्या वेळी रांगेत आणखी दहा दलाल उभे करते, आणि त्या रांगेत शेजाऱ्याचा मुलगा असतो, ज्याची बहीण आखातात नसते.

२६ जानेवारी २०२५ ला अहमदाबादहून त्या वाद्यवृंदाचा अखेरचा कार्यक्रम मोबाइलवर थेट दाखविला गेला. आमची दोन्ही मुले मिरकरवाड्यात ड्रमवाल्याच्या घरी बसून तो पाहत होती. आम्हीही थोडा वेळ डोकावलो. एवढ्याशा पडद्यावर लाखभर माणसे हात उंचावून गात होती. गिटारवाला बोटांनी हवेत सूर धरीत होता, मित्र पिंपावर ठेका देत होता. अधूनमधून चित्र अडकत असे, मग दोघे थांबत आणि वाट पाहत. तिकिटासाठी जमविलेले पैसे त्यांनी मोडले नाहीत. पुढच्या कोणत्या तरी कार्यक्रमासाठी ते डब्यात तसेच ठेवले आहेत, असे ते म्हणाले. त्या डब्यातील रक्कम तेवढीच राहणार आहे. ती पुरेल की नाही, हे ठरविण्याची जबाबदारी आता त्या मुलांची राहिलेली नाही.